पूर ओसरल्यावरचं काम शिकायचंय

गेल्या अंकात मी पुराचं पाणी शिरलेलं घर नीट सुकवण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांत ‘घर कसं सुकवू’ यापेक्षा ‘हे काम शिकायचं कुठे’ असं विचारणारीच जास्त निघाली, आणि मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे पाणी ओसरलं की मदतीला अख्खा गाव धावतो. मुंबई-पुण्याची मुलंही फावडी-घमेली घेऊन येतात. पण गाळ निघाला की सगळे आपापल्या घरी जातात आणि ओल धरलेल्या भिंतींसोबत घरातली माणसं एकटी उरतात. तिथून पुढचं काम जाणणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर फार कमी आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : ताई, मी चिपळूणचा. वय 24. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलंय. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हा शिकतच होतो, पण नंतर कित्येक दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांतली बोर्डं उघडून बघत फिरलो. तुमच्या लेखात या कामाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं असं वाचलं. ते इथे बसून करता येतं का? माझं इंग्रजी बेताचं आहे. आणि ते करून चिपळुणात पोट भरेल का?

उत्तर : करता येतं. आधी ते नेमकं काय आहे ते सांगते.

या क्षेत्रात जगभर जे प्रमाणपत्र चालतं ते आयआयसीआरसी या अमेरिकन संस्थेचं. संस्था 1972 सालची. सुरुवात गालिचे आणि गाद्या-सोफे साफ करणाऱ्यांच्या प्रशिक्षणापासून झाली, पुढे पाणी, बुरशी, आगीचा धूर असं सगळं त्यात आलं. संस्था स्वतः वर्ग चालवत नाही. ती मानकं ठरवते आणि परीक्षा घेते. वर्ग तिने मान्यता दिलेली विद्यालयं आणि प्रशिक्षक घेतात, त्यांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर असते. तुझ्यासाठी पहिली पायरी डब्ल्यूआरटी, म्हणजे वॉटर डॅमेज रिस्टोरेशन टेक्निशियन. त्याला आधीची कुठलीही अट नाही. साधारण तीन दिवसांचा वर्ग, तो ऑनलाइन थेट प्रक्षेपणातूनही घेतात. शेवटी पर्याय निवडण्याची परीक्षा, आणि पास व्हायला 75 टक्के लागतात. वर्गाची फी काही शे डॉलर, परीक्षेची वेगळी. पुढे दर वर्षी नूतनीकरणाची फी असते आणि ठरावीक काळात आणखी शिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. हा खर्च आधीच हिशोबात धर.

डब्ल्यूआरटी झालं की पुढे दोन वाटा फुटतात. एक एएसडी, म्हणजे इमारत सुकवण्याचं प्रत्यक्ष काम. या वर्गात एक बांधलेली खोली मुद्दाम पाण्याने भिजवतात आणि विद्यार्थ्यांकडून ती यंत्रं लावून सुकवून घेतात. हे घरी बसून शिकण्यासारखं नाही. दुसरी वाट एएमआरटीची, बुरशी आणि सांडपाण्याने दूषित झालेल्या जागांची. दोन्हींसाठी आधी डब्ल्यूआरटी लागतं.

आता या तीन दिवसांत शिकवतात काय? सगळा वर्ग एस-500 नावाच्या मानकावर उभा आहे. ते पहिल्यांदा 1994 मध्ये निघालं आणि वेळोवेळी सुधारलं जातं. त्यात पाण्याच्या तीन प्रती केल्यात. नळाचा पाइप फुटून आलेलं स्वच्छ पाणी पहिल्या प्रतीचं. वॉशिंग मशिनमधून वाहून आलेलं दुसऱ्या प्रतीचं. आणि सांडपाणी, नदीचा पूर, समुद्राचं पाणी हे सगळं तिसऱ्या प्रतीचं, म्हणजे अतिदूषित. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गटारं आणि सेप्टिक टाक्या पोटात घेऊन तुमच्या घरात आलं होतं, त्यामुळे चिपळूणच्या पुराबद्दल वादच नाही. या प्रतवारीवरूनच काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरतं. तिसऱ्या प्रतीच्या पाण्यात बुडालेली कापसाची गादी, प्लायवुडचं कपाट, पीओपी हे बाहेर जाणार, उन्हात कितीही वाळवलं तरी. सागाची चौकट, फणसाच्या फळ्या, शहाबादी फरशी, स्टीलची भांडी हे धुऊन, निर्जंतुक करून राहणार. गृहिणीला तिची लग्नातली गादी टाकायला सांगणं सोपं नसतं. प्रशिक्षित माणूस ते कारणासकट सांगू शकतो, आणि घरातल्यांना ते पटतं.

पण माझ्या मते या शिक्षणाचा गाभा वेगळाच आहे, आणि तो म्हणजे ओल मोजायची. आपण भिंतीला तळहात लावतो, ‘सुकली हो’ म्हणतो आणि रंगाऱ्याला बोलावतो. गिलाव्याचा वरचा पापुद्रा लवकर सुकतो, आत जांभ्या दगडाचा चिरा पाणी धरून असतो. त्यावर प्लास्टिक इमल्शन चढवलं की ते पाणी कोंडलं जातं आणि दिवाळीला रंगाचे पोपडे सुटतात. मी कुठल्याही घरात गेले की सर्वांत आधी पाणी न पोचलेली जागा शोधते. वरचा मजला, नाहीतर पुराच्या खुणेच्या बरीच वरची भिंत. तिथे ओलावा-मापकाच्या दोन टाचण्या टेकवते आणि येईल तो आकडा वहीत लिहिते. हा त्या घराचा कोरडेपणा. मग खाली येऊन त्याच गिलाव्यावर, त्याच लाकडावर जमिनीपासून अर्धा फूट, दीड फूट, तीन फूट असे आकडे घेते आणि खडूने तिथेच खूण करते, म्हणजे उद्या टाचण्या त्याच जागी टेकतील. खालचा आकडा वरच्याच्या जवळ आल्याशिवाय मी कुणालाही रंग लावू देत नाही. लाकडाचा आकडा 20 टक्क्यांच्या वर राहिला तर कुजण्याला निमंत्रण. सागाची दारं मात्र हळूहळू सुकवायची. घाई केली, हॅलोजन लावला, तर ती तडकतात नाहीतर वाकतात.

दुसरं, हवा मोजायची. जुलैत आपल्याकडे 30 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 27 ग्रॅम पाणी असतं. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून ते एक लिटरही भरत नाही. उलट त्याच खोलीची एकच दहा फुटी, नऊ इंची चिऱ्याची भिंत तीन फुटांपर्यंत भिजली आणि तिने आपल्या आकारमानाच्या दहा टक्के पाणी धरलं, तर ते 60 लिटरच्या वर जातं. हे पाणी बाहेर यायचं तर हवेतूनच यायला हवं, आणि हवा तर आधीच भरलेली. म्हणून डीह्युमिडिफायर लागतो. तो हवेतलं पाणी काढत राहतो आणि मोकळी झालेली हवा भिंतीतलं पाणी ओढत राहते. यंत्र येईपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवणं बरोबर. पण यंत्र सुरू केलं की खोली बंद करायची. लोकांना हे पटत नाही. यंत्राची बादली भरतेय म्हणून खूश होतात आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडतात. मग यंत्र अख्ख्या गावाचा पावसाळा उपसत बसतं. काही जण खोली सुकवायला गॅसची शेगडी पेटवून ठेवतात. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त वाफ तयार होते, म्हणजे खोलीत पाणी वाढतंच, वर बंद खोलीत विषारी वायूचा धोका. हे सगळं शिकलेला माणूस पहिल्या दिवशीच थांबवू शकतो.

वर्गात तुला एक अडचण येईल. सगळी उदाहरणं अमेरिकेतल्या घरांची असतात. लाकडाचा सांगाडा, त्यावर जिप्समचे बोर्ड, खाली गालिचा. तिथे भिजलेला बोर्ड कापून काढतात, आतला सांगाडा सुकवतात, नवा बोर्ड ठोकतात. आपल्या जांभ्याच्या भिंतीला कापून काढायचं काही नसतं. त्याच मानकात सुकवण्याच्या अवघडपणाचे चार वर्ग केलेत. चौथ्या वर्गात वीट, दगड, काँक्रीट, गिलावा, घट्ट लाकूड येतं, म्हणजे पाणी खोल मुरलेली आणि फार वेळ घेणारी सामग्री. आपलं कोकणातलं घर जवळजवळ सगळंच चौथ्या वर्गात बसतं. त्या धड्यावर जास्त वेळ दे, आणि प्रशिक्षकाला चिऱ्याबद्दल विचारायला लाजू नकोस. मापंही तिकडची. तापमान फॅरनहाइटमध्ये, हवेतलं पाणी ‘ग्रेन पर पाउंड’मध्ये. एवढंच लक्षात ठेव, की एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी म्हणजे सात ग्रेन. जुलैतली आपली हवा या मापात 170 च्या आसपास येते, तर 25 अंशांना 50 टक्के आर्द्रतेची एसी खोली 70 च्या आसपास. ही दोन टोकं डोक्यात बसली की बाकीचे आकडे समजायला लागतात. इंग्रजी बेताचं असलं तरी चालेल. शब्द दीडदोनशेच आहेत, पण ते आधी पाठ करून जा.

आता तुझ्या हातातलं काम. तू इलेक्ट्रिशियन आहेस, या क्षेत्रात तो फार मोठा आधार आहे. वायरमनचा परवाना काढला नसशील तर डब्ल्यूआरटीच्या आधी तो काढ. पाणी शिरलेल्या घरात पहिलं पाऊल टाकायचं ते मेन बंद असल्याची खात्री करूनच. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच, वाळवून परत बसवायचे नसतात, बदलायचे असतात. पंपाची मोटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, तपासल्याशिवाय सुरू करायची नाही. हे तुला माहीत असेलच, पण पुराच्या गडबडीत शेजारी ‘अरे, लाव ना एकदा’ म्हणून मागे लागतात, तेव्हा नाही म्हणायचं बळ परवान्यातून येतं. जमलं तर आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एसीचा अभ्यासही बघ. डीह्युमिडिफायर हा आतून एसीचाच भाऊ आहे, आणि भर पावसात तो बंद पडला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घर थांबत नाही.

अंगावरची काळजी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गमबूट, नायट्रिलचे हातमोजे, एन-95 मास्क, डोळ्यांवर गॉगल. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं असावं. आपल्या जिल्ह्यांत लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, दर पावसाळ्यात असतो. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नकोस, आणि उतरणं भागच असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्यावरच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिबंधक औषधाबद्दल विचार. जनरेटर कायम घराबाहेर, खिडकीपासून लांब. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आणि कुणी कितीही पैसे दिले तरी सेप्टिक टाकीत उतरायचं नाही, माणूस उतरवायचाही नाही. 2013 च्या कायद्याने ते बंद आहे, आणि त्या टाकीतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो.

पोट भरेल का? फक्त पुरावर नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण फ्लॅटच्या गळत्या, बँका-दवाखान्यांच्या ओल्या भिंती, हॉटेलांतल्या एसीच्या नळ्या तुंबून भिजलेल्या खोल्या, हे काम वर्षभर असतं. वायरिंग आणि एसीच्या जोडीला हे धर. विम्याचं कामही वाढेल असं मला वाटतं. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेला आहे. छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे. नुकसान आणखी वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे विमा उतरवणाऱ्याचं कर्तव्य मानलं जातं. तिथे तुझी वही उपयोगाची: रोजची तारीख, आकडे, कुठलं यंत्र किती वेळ चाललं, फोटो. मात्र विमा कंपनीने नेमलेला सर्वेअर आल्याशिवाय आणि तलाठ्याचा पंचनामा झाल्याशिवाय टाकाऊ माल गाडीत भरू देऊ नकोस. कुजकी वस्तू ठेवणं अशक्यच असेल तर आधी फोटो आणि यादी. सर्वेअरला आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचा परवाना असतो. नुकसानीचा आकडा ठरवणं हे त्यांचं काम, तुझं नाही.

यंत्रं एकदम विकत घेऊ नकोस. आधी एक चांगला टाचणीचा ओलावा-मापक आणि एक आर्द्रता-तापमान मापक घे. पुढे धंदा वाढला तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी ही केंद्राची स्वयंरोजगार योजना आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांची चौकशी कर. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस.

प्रश्न : मॅडम, माझं महाडला किराणा दुकान आहे. सावित्रीच्या पुरात 2021 ला दुकानात काही राहिलं नाही. मुलगा बारावी झालाय. एका क्लासची जाहिरात आली आहे, ‘सहा दिवसांत आंतरराष्ट्रीय वॉटर डॅमेज सर्टिफिकेट, दुबईत नोकरीची हमी’. लाखाच्या घरात फी मागतात. भरावी का?

उत्तर : साहेब, आत्ता भरू नका. मी स्वतः दुबईत हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये नोकरी केली आहे. कोकणातली किती मुलं अशा ‘हमी’वर तिकडे येऊन अडकतात, ते जवळून पाहिलंय. कुठलंही खरं प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही.

क्लासवाल्यांना तीन गोष्टी लेखी विचारा. परीक्षा कोण घेतं, तुम्ही की ती आंतरराष्ट्रीय संस्था? शिकवणाऱ्याचं नाव संस्थेच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकांच्या यादीत आहे का? परीक्षेची फी आणि वर्गाची फी वेगवेगळी किती? उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. वर सांगितलेला डब्ल्यूआरटी वर्ग अधिकृतपणे ऑनलाइन केला तरी मागितल्या रकमेपेक्षा बराच कमी खर्च येतो. परदेशातल्या नोकरीसाठी पैसे घेणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो. तो तसा आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं.

तिकडे या कामाला मागणी नाही असं मी म्हणत नाही. 16 एप्रिल 2024 ला दुबईत जो पाऊस झाला, त्यात तळघरातली पार्किंग आणि दुकानं भरली. पण कामावर घेणारे आधी विचारतात, हातात काय येतं? बारावीच्या मुलाला मी आयटीआय सुचवेन. इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एसी, दोन्ही दोन वर्षांचे. प्लंबर एका वर्षाचा. त्यावर डब्ल्यूआरटी चढवलं तर त्याला किंमत येते. नुसतं डब्ल्यूआरटी घेऊन गेलेल्या पोराला फरशी पुसायलाच उभं करतात.

प्रश्न : ताई, आम्ही देवबागच्या. आमचा बायकांचा बचत गट आहे, चार जणींचे होमस्टे आहेत. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तौक्ते वादळात पाणी घरात आलं ते खारं. भिंती दर पावसाळ्यात ओल्या होतात, रंग टिकत नाही. आम्हाला हे काम शिकता येईल का, की हे पुरुषांचंच?

उत्तर : तुम्हाला येईल, आणि तुमच्या गावात तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार? यात जड उचलायचं काम थोडं आणि बारकाईने बघायचं, टिपायचं काम जास्त आहे. मी हेच करून घर चालवते.

तुमच्या भिंतींचं दुखणं मात्र गोड्या पाण्याच्या पुराहून वेगळं आहे. खारं पाणी भिंतीत शिरलं, पाणी उडून गेलं, मीठ आत राहिलं. मिठाचा स्वभाव असा, की हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी शोषून विरघळायला लागतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीत पावसाळ्यात मीठ पाझरतं, तेच भिंतीत घडतं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता त्या रेषेच्या वरच असते. म्हणून 2021 साली शिरलेलं पाणी कधीच गेलं, तरी भिंत दर आषाढात पुन्हा ओली. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तेच मीठ परत स्फटिक होतं, फुगतं आणि गिलावा आतून फोडतं. आपण म्हणतो लोणा लागला. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे लोण्याला झाकण लावणं. तो बाहेर पडायला दुसरी जागा शोधतो, बहुधा खोलीच्या आतल्या बाजूला.

यावर डीह्युमिडिफायर एकटा पुरत नाही, आधी मीठ काढावं लागतं. खारं पाणी शिरलं की गाळासोबत मीठही निघावं म्हणून लगेच, सुकायच्या आत, भिंती-फरश्या गोड्या पाण्याने धुवायच्या. जुन्या लोण्यावर कोरड्या दिवसांत काम करायचं. आधी पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायची. धुवायची नाही, धुतलं तर ती परत आत जाते. मग कागदाचा लगदा किंवा स्वच्छ माती गोड्या पाण्यात कालवून भिंतीवर जाड थापायची, सुकू द्यायची, सुकल्यावर मिठासकट उतरवून टाकायची. असं पुन्हापुन्हा. जुन्या वास्तू जपणारे लोक हीच पद्धत वापरतात. खराब झालेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला तर भिंत श्वास घेते. आणि मीठ लागलेल्या भिंतीवर ओलावा-मापकाचा आकडा फुगून येतो, कारण मिठातून वीज सहज वाहते. हे माहीत नसेल तर यंत्र बघून माणूस उगाच घाबरतो.

चार जणींनी मिळून एकीला डब्ल्यूआरटीला पाठवा. गटाच्या पैशातून फी भरता येते का, ते बचत गटांसाठीच्या उमेद अभियानाच्या तालुका कार्यालयात विचारा. परत आली की तिने बाकीच्यांना शिकवायचं, आणि मापक गटाचा ठेवायचा. याशिवाय जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आपदा मित्र प्रशिक्षणाची चौकशी करा. ते बचावाचं आहे, घर सुकवण्याचं नाही, पण पाणी चढत असताना काय करायचं ते तिथे पक्कं शिकवतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, खेड. शाळेची जुनी रजिस्टरं पुरात भिजली होती, आम्ही ती उन्हात उघडून वाळवली आणि पानं एकमेकांना चिकटून बसली. कागद वाचवण्याचं शिक्षण वेगळं असतं का?

उत्तर : गुरुजी, वेगळं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं स्वतःचं विद्यालय आहे, तिथे ग्रंथ आणि दस्तऐवज जतनाचे छोटे अभ्यासक्रम चालतात. लखनौला सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिथेही प्रशिक्षण मिळतं.

तोवर एक करा. भिजलेली रजिस्टरं उघडायची नाहीत, पानं सोडवायची नाहीत. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून त्याआधी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवायची. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आणि मग सवडीने थोडी थोडी काढून सुकवता येतात. आपल्या किनाऱ्यावर मासळीची शीतगृहं आहेत. पावसाळ्याआधीच एखाद्या मालकाशी बोलून ठेवा. शाळेचे दाखले म्हटल्यावर कुणी नाही म्हणणार नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं 2005 ला भिजली, 2021 ला पुन्हा भिजली. आपल्या पूररेषेतल्या प्रत्येक ग्रंथालयाने हे बोलणं करून ठेवायला हवं.

प्रश्न : मी राजापूरचा गवंडी. वय 46. इंग्रजी येत नाही, आठवीपर्यंत शिकलोय. जवाहर चौकात पाणी आलं की मागाहून दुकानांचं काम मीच करतो. माझ्यासाठी यात काही आहे का?

उत्तर : दादा, तुमच्यासारख्या माणसाची तर या धंद्याला सर्वांत जास्त गरज आहे. जांभ्यात पाणी कसं चढतं, कुठला चिरा भुसभुशीत, कुठला घट्ट, चुना किती दिवस मुरवायचा, हे तुमच्या हाताला माहीत आहे. परदेशी वर्गात यातलं काही शिकवत नाहीत.

डब्ल्यूआरटी इंग्रजीत असल्याने तुम्हाला आत्ता ते सुचवत नाही. त्याऐवजी केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देणारी सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. वर्षानुवर्षं केलेल्या गवंडीकामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत ते होतं. चौकशी आयटीआयमध्ये किंवा जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करा. ते हातात आलं की मोठ्या कामाच्या ठेकेदाराकडे दर सांगताना जोर येतो.

मोजायला मात्र आजपासून शिका. मापकावरचा आकडा वाचायला इंग्रजी लागत नाही. पुढच्या वेळी चौकातलं पाणी उतरलं की दुकानाच्या भिंतीवर पाण्याच्या खुणेच्या वर एक आणि खाली तीन असे आकडे घ्या, तिथेच पेन्सिलने तारीख घाला आणि दर आठवड्याला पुन्हा घ्या. खालचे आकडे वरच्याला गाठेपर्यंत गिलावा करू नका. मालक घाई करेल, तेव्हा त्याला भिंतीवरचे आकडे दाखवा. ती भिंत पहिल्या दिवसापासून किती उतरली ते मला नक्की कळवा. चिऱ्याच्या भिंतींच्या अशा नोंदी मी जमवतेय, तुमची त्यात हवी आहे.